रस सेंटरची साल माशांना घालावी का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. डभोई रोडला एक एकराचं तळं, त्यात रोहू, कटला आणि मृगळ. मावसभावाचं बडोद्यात रस सेंटर आणि त्याच्या मागेच गर काढून गोठवायचं छोटं युनिट. मे-जूनमध्ये तिथून रोज पाचेक क्विंटल आंब्याची साल निघते, कोयी वेगळ्या. सगळं फुकट. ही साल थेट तळ्यात टाकली तर चालेल का, वाळवून खाद्यात किती घालावी, आणि पुतण्याच्या बायोफ्लॉक टाकीत (जिथे पाण्यातल्या जीवाणूंचे पुंजके, म्हणजे फ्लॉक, घाण साफ करतात) गुळाऐवजी रसाचं धोवण, म्हणजे यंत्र धुतलेलं पाणी, वापरता येईल का?

पहिल्याचं उत्तर नाही. दुसऱ्याचं हो, पण थोडी. तिसऱ्याचं हो, पण जपून. बडोदा, आणंद, भरूचकडच्या तळ्यांच्या खाद्याचं काम मी करते, आणि उन्हाळा आला की हा प्रश्न घेऊन कुणीतरी येतंच. चौकाचौकांत केसरच्या रसाचे मांडव पडतात, त्यांच्या पाठीमागे सालींचे ढीग पडतात, आणि ज्याच्याकडे तळं आहे त्याला ते ढीग बघून चैन पडत नाही. साहजिक आहे. तळ्याच्या एकूण खर्चातला निम्म्याहून जास्त पैसा खाद्यात जातो.

थेट टाकण्याचं आधी बघू, कारण नुकसान तिथे होतं. एक एकर म्हणजे साधारण चार हजार चौरस मीटर. पाणी दीड मीटर खोल धरलं तर तुमच्या तळ्यात सहा हजार घनमीटर पाणी आहे. मे महिन्यात हे पाणी ३०-३२ अंशांवर असतं, आणि इतक्या उबदार पाण्यात प्राणवायू लिटरमागे साडेसात मिलिग्रॅमच्या आसपासच विरघळून राहतो. रात्रभर शेवाळ, मासे, गाळ सगळेच तो वापरतात, म्हणून पहाटे तो चारापर्यंत उतरलेला असतो. म्हणजे पहाटे पाच वाजता तुमच्या अख्ख्या तळ्याच्या पोटात मिळून चोवीस किलो प्राणवायू शिल्लक आहे.

आता पाच क्विंटल ताजी साल. तिच्यात ऐंशी टक्के पाणी, राहिला शंभर किलो कोरडा भाग. त्यातला निम्मा तरी साखर आणि पटकन कुजणारा माल असतो. एक किलो साखर पूर्ण कुजायला एक किलोहून थोडा जास्तच प्राणवायू लागतो, म्हणजे एका दिवसाच्या सालीला पन्नास किलोच्या वर. ती एका रात्रीत कुजत नाही, तीन-चार दिवस घेते, हे खरं. पण तुम्ही रोज टाकणार आहात, त्यामुळे चार दिवसांनंतर रोजची मागणी पन्नास किलोवरच जाऊन बसते. एखादा ढगाळ दिवस मध्ये आला की दुसऱ्या दिवशी पहाटे कटला तोंड वर काढून उभा असतो, आणि मग एरेटर, म्हणजे पाण्यात हवा मिसळणारं यंत्र, लावायलाही उशीर झालेला असतो. कटल्याला प्राणवायूची कमतरता तिघांत सगळ्यात आधी जाणवते, त्यामुळे मोठा आणि महाग मासाच आधी जातो.

आणि एवढं करून मासे ती साल खातात का? गराचा चिकटलेला अंश रोहू टोकरतो. बाकी साल बुडते, गाळात जाते. तळ्यात गवत्या (गवत खाणारा ग्रास कार्प मासा) असता तर गोष्ट थोडी वेगळी होती. तो केळीचं पान आवडीने खातो, मऊ सालही कुरतडतो, आणि बांबूच्या चौकटीत रोजचे चार-पाच किलो टाकून दुसऱ्या दिवशी उरलेलं काढून घेतलं तर चालून जातं. पण पाच क्विंटल कोणीच खाणार नाही.

आता वाळवून घालण्याकडे येऊ. इथे लोक एक हिशोब चुकीच्या टोकाने धरतात. ते म्हणतात, खाद्य तीस रुपये किलो, साल फुकट, म्हणजे दहा टक्के साल घातली की तीन रुपये सुटले. तसं होत नाही. खाद्यात आपण प्रथिनं विकत घेत असतो. वाढत्या रोहू-कटल्याला २५ ते ३० टक्के प्रथिनं लागतात. आंब्याच्या वाळलेल्या सालीत ती जेमतेम पाच टक्के. सालीने जागा अडवली की तिथली प्रथिनं दुसऱ्या कशाने तरी भरून काढावी लागतात, आणि ते दुसरं काहीतरी म्हणजे पेंड, मिश्रणातली महाग वस्तू.

आकडे मांडू. भाव सोयीसाठी धरले आहेत, तुमच्या बाजाराचे घालून बघा. तेल काढलेला भाताचा कोंडा, ज्याच्या पोत्यावर डीओआरबी लिहिलेलं असतं, सोळा रुपये आणि प्रथिनं १५ टक्के. शेंगदाण्याची पेंड, आपल्या इथली खोळ, पंचेचाळीस रुपये आणि प्रथिनं ४२ टक्के. साधं शंभर किलोचं मिश्रण घ्या. पेंड ४०, कोंडा ५८, खनिज मिश्रण २. प्रथिनं साडेपंचवीस टक्के येतात. आता यात वाळलेली साल १० किलो घाला आणि प्रथिनं तेवढीच ठेवा. मिश्रण होतं पेंड ४४, कोंडा ४४, साल १०, खनिज २. कोंडा चौदा किलो वाचला, म्हणजे २२४ रुपये. पेंड चार किलो वाढली, म्हणजे १८० रुपये. दहा किलो सालीने तुमचे चव्वेचाळीस रुपये वाचवले. वाळलेल्या, दळलेल्या सालीची किंमत किलोला चार रुपये चाळीस पैसे. आणि ती एक किलो साल मिळवायला साडेचार किलो ताजी साल आणावी, कापावी, वाळवावी लागते, म्हणजे ताज्या सालीला किलोमागे एक रुपया. टेम्पोचं भाडं, मजुरी, दळणं सगळं त्या एका रुपयात बसवायचं आहे.

सूत्रच पाहिजे असेल तर हे घ्या. सालीची किलोची किंमत म्हणजे कोंड्याच्या भावाची १.४ पट, वजा पेंडीच्या भावाची ०.४ पट. कोंडा वीसवर गेला आणि पेंड पंचेचाळीसला राहिली तर साल दहा रुपयांची होते. पेंड महागली आणि कोंडा स्वस्त झाला तर उणे आकडाही येऊ शकतो, म्हणजे फुकट मिळालेली साल घालून खाद्य महाग झालं. सोया पेंड वापरत असाल तर थोडं बरं, कारण तिच्यात प्रथिनं जास्त असल्यामुळे भरपाईला कमी किलो लागते. निव्वळ खोळीवर मासा वाढवण्यापेक्षा निम्मी सोया घालणं तसंही चांगलं, शेंगदाण्यात लायसिन आणि मिथिओनिन हे प्रथिनांचे गरजेचे घटक कमी पडतात.

मग तुमच्या तळ्याला साल लागते तरी किती? समजा आत्ता टनभर मासा आहे आणि तुम्ही वजनाच्या दोन टक्के खाद्य देता, म्हणजे रोज वीस किलो. त्यात दहा टक्के साल म्हणजे दोन किलो वाळलेली, नऊ किलो ताजी. पाच क्विंटलमधली नऊ किलो. वर्षभराचं धरलं, दोन टन मासा काढला आणि साडेपाच टन खाद्य गेलं, तरी वर्षाची वाळलेली साल साडेपाचशे किलो होते. ती अडीच टन ताज्या सालीतून निघते. रस सेंटरचा पाच दिवसांचा माल तुमच्या तळ्याला पूर्ण वर्ष पुरतो, आणि वर धरलेल्या भावांनी त्यातून वर्षाला अडीच हजार रुपयांच्या आसपास सुटतात.

अडीच हजार नको म्हणत नाही. पण त्याच तळ्यात साडेपाच टनांऐवजी पाच टन खाद्यात दोन टन मासा निघाला, तर वरच्याच भावांनी साडेतेरा हजारांच्या वर वाचतात. एक किलो माशामागे पावणेतीनऐवजी अडीच किलो खाद्य, एवढाच फरक. त्यासाठी महिन्याला एकदा पाग (फेकायचं जाळं) टाकून पंधरा-वीस मासे तोलायचे, वजनाप्रमाणे खाद्य कमीजास्त करायचं, मूठमूठ फेकण्याऐवजी आंध्रात करतात तसं छिद्रं पाडलेली पोती बांबूला बांधून त्यातून द्यायचं, दोन तासांनी पोतं उचलून बघायचं, आणि ढगाळ दिवशी हात आखडायचा. खाद्य सकाळी नऊ-दहाला, ऊन चढून पाण्यात प्राणवायू वाढल्यावर. बहुतेक जण सहा वाजता फिरायला गेल्यासारखे जातात आणि टाकून येतात. सालीची पिशवी घेऊन माझ्याकडे येणाऱ्यांना मी आधी हे विचारते, आणि त्यांना ते आवडत नाही.

तरीही साल वापरायची असेल, आणि घरची माणसं हाताशी असतील तर वापरावीच, तर पद्धत अशी ठेवा. मेच्या शेवटच्या आठवड्यातले कडक उन्हाचे पाच-सहा दिवस निवडा. जूनच्या मध्यापासून आपल्याकडे हवा दमट होते आणि पाऊस कधीही दार ठोठावतो. तेव्हा वाळवायला घेतलेली साल हमखास बुरशी धरते. नुसती साल ताडपत्रीवर पसरू नका. साखरेमुळे ती चिकट होते, वरून कडक आणि आतून ओली राहते, माश्या घोंगावतात. त्यापेक्षा साल बारीक कापून किंवा चाफ कटरमधून (चारा कापायच्या यंत्रातून) काढून तिच्याच वजनाइतका कोरडा कोंडा तिच्यात मळा. समभाग. कोंडा ओल ओढून घेतो, मिश्रण भुरभुरीत होतं, दोन बोटांच्या थरात पसरून दिवसातून तीन-चारदा हलवलं की दीड-दोन दिवसांत वाळतं. यात एक सोय अशी की हा समभाग वर दिलेल्या मिश्रणाच्या प्रमाणाशी अगदी जुळतो. पंचेचाळीस किलो ओली साल आणि चव्वेचाळीस किलो कोंडा वाळून चोपन्न किलोच्या आसपास होतो. त्यात पेंड आणि खनिज घातलं की शंभर किलो खाद्य तयार. वेगळं तोलणं नाही, वेगळी साठवण नाही.

भट्टीवर वाळवायचा विचार करू नका. शंभर किलो सालीतून अठ्ठ्याहत्तर किलो पाणी उडवायचं म्हणजे साध्या भट्टीत तीसेक किलो लाकूड, आणि हातात येणार बावीस किलो माल. शंभर रुपयांच्या वस्तूला त्याहून महागाचं सरपण.

ओल दहा-अकरा टक्क्यांच्या खाली यायला हवी. घरगुती पारख अशी. काचेच्या कोरड्या बरणीत मूठभर माल आणि चमचाभर कोरडं मीठ घालून जोरात हलवा. मीठ काचेला चिकटलं तर ओल पंधराच्या वर आहे, परत उन्हात. नाही चिकटलं म्हणजे काम झालं असं मात्र नाही, ही फक्त पहिली चाळणी. पावसाळ्यात चार महिने ठेवायचा माल असेल तर एक नमुना आणंदला एनडीडीबीच्या (राष्ट्रीय दुग्धविकास मंडळाच्या) काफ प्रयोगशाळेत पाठवा. ओल, प्रथिनं, तंतू आणि अफलाटॉक्सिन (बुरशीचं विष) एवढं तपासायला सांगा. अफलाटॉक्सिनचा धोका सालीपेक्षा खोळीत जास्त असतो, त्यामुळे नमुना पाठवताय तर खोळीचाही पाठवा. पोती भिंतीला टेकवून ठेवू नका, खाली लाकडी फळ्या ठेवा.

दहा टक्क्यांवर का थांबायचं? एक कारण प्रथिनांचं, ते झालं. दुसरं माशाच्या पोटातलं. रोहू, कटला, मृगळ यांना जठर नसतं. अन्न थेट लांब आतड्यात उतरतं. पिष्ट ते बऱ्यापैकी पचवतात, साखरही, पण तंतू नाही, आणि सालीतलं पेक्टिन आतड्यात बुळबुळीत होऊन बाकीच्या अन्नाचं शोषणही अडवतं. गाई-म्हशींच्या पोटात तंतू फोडणारे सूक्ष्मजीव असतात, म्हणून तिथे हीच साल कामाची ठरते. खरं सांगायचं तर तुमच्या उरलेल्या नव्वद टक्के सालीची जागा गोठ्यात आहे. जनावराला एकदम पोटभर टाकू नका, साखरेने पोट आंबतं. वैरणीत मिसळून, आठवड्याभरात हळूहळू वाढवत द्या. त्याचं शेण पुढे तळ्याला खत म्हणून येतंच. जे जनावर खाणार नाही ते कंपोस्टला.

कुणीतरी तुम्हाला यीस्ट घालून साल आंबवायला सांगेल आणि प्रथिनं दुप्पट होतात म्हणेल. प्रयोगशाळेच्या कागदावर टक्केवारी वाढलेली दिसते, खोटं नाही. पण आंबताना साखर जळून हवेत जाते, वजन घटतं, आणि राहिलेल्या मालात प्रथिनांचा वाटा मोठा दिसतो. किलोत मोजलं तर होती तेवढीच. बाहेरून नत्र दिल्याशिवाय यीस्ट नवी प्रथिनं कुठून आणणार? आंबवल्याने चव आणि पचन सुधारतं, टॅनिन हे तुरट द्रव्य थोडं घटतं, एवढं खरं. त्यासाठी खटाटोप करायचा की नाही, तुम्ही ठरवा. मी एक एकराला करणार नाही.

एक गोष्ट मात्र टाळू नका, फवारणीची. आंब्यावर मोहोराच्या वेळी तुडतुड्यांसाठी सायपरमेथ्रिन, लॅम्डा-सायहॅलोथ्रिन यांसारखी औषधं मारतात. माणसाला आणि जनावराला ती तुलनेने सौम्य, पण माशांना लिटरमागे काही मायक्रोग्रॅमलाच मारक. आणि ही औषधं पाण्यात न विरघळता सालीच्या मेणचट थराला धरून बसतात. माणूस साल फेकून गर खातो, आपण नेमकी तीच साल माशाला देणार. मोहोर आणि तोडणी यांच्यात तीन-चार महिने जातात, ऊन लागतं, त्यामुळे सहसा त्रास होत नाही. पण फळावर उशिरा फवारलेला माल आला तर तो बघून ओळखता येत नाही. म्हणून नव्या बागेचा माल आला की टबात परीक्षा घ्या. शंभर लिटरचे दोन टब, दोन्हींत हवेचा दगड (पंपाची हवा बुडबुड्यांनी सोडणारा), दोन्हींत दहा-दहा बोटुकल्या (बोटाएवढी माशांची पिल्लं). एकात वाळलेल्या सालीचं पीठ लिटरमागे अर्धा ग्रॅम, दुसऱ्यात काही नाही. चार दिवस बघा. सालीच्या टबात बोटुकल्या गोल गोल फिरायला, झटके द्यायला लागल्या तर तो माल तळ्याकडे न्यायचा नाही. हवा चालू ठेवणं महत्त्वाचं, नाहीतर प्राणवायू संपून मेलेला मासा विषाने मेला असं वाटेल. हंगामाच्या सुरुवातीला साल गोळा करतानाच फळ कसं पिकवलंय तेही विचारा. कार्बाइडने पिकवायला आपल्याकडे बंदी आहे, इथिलीन चालतं. कार्बाइडची पुडी पेटीत सापडली तर ती साल गोठ्यालाही नको.

कोयींबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, आणि माझ्या मते जास्त किंमत तिथे आहे. कोयीच्या आतली गिरी वाळवली की तिच्यात निम्म्याहून जास्त पिष्ट, दहाएक टक्के चरबी, सहा-आठ टक्के प्रथिनं. कच्ची देऊ नका, तुरट असते. त्यातलं टॅनिन प्रथिनांना बांधून ठेवतं आणि मासा खाद्य तोंडात घेऊन थुंकतो. कोयी चार-पाच दिवस उन्हात ठेवा, आतून गिरी खुळखुळली की हातोडीने फोडा, गिरी कापून उकळा, तपकिरी पाणी फेका, पुन्हा एकदा पाणी बदला, मग वाळवून दळा. आपल्याकडे घरोघरी मुखवासासाठी गोटली करतात, जवळपास तीच कृती, फक्त मीठ आणि तूप सोडून. या पिठाचा खरा उपयोग बांधणी म्हणून. शंभर किलो मिश्रणात पाच किलो पीठ गरम पाण्यात शिजवून लापशीसारखं करून ओतलं की गोळे पाण्यात विरघळत नाहीत, आणि त्यासाठी विकत आणायचा मैदा किंवा साबुदाण्याचं पीठ वाचतं. मैद्याच्या भावाने त्याची किंमत मोजा, कोंड्याच्या नव्हे. अडचण एकच, फोडण्याची मजुरी. कोयी जास्त असतील तर त्यांना दुसरं गिऱ्हाईक शोधा. कोयीची चरबी साधारण शरीराच्या उष्णतेलाच वितळते, म्हणून ती कोको बटरच्या जोडीला चालते. युरोपीय संघाने २००० साली चॉकलेटमध्ये ज्या सहा वनस्पतींची चरबी चालेल असं ठरवलं, त्यात कोकमाबरोबर आंब्याची कोयही आहे. आणि गोटलीचा मुखवास तर इथे कुणीही घेतं, माशापेक्षा माणूस किलोला जास्त पैसे देतो.

बाकीची फळं झरझर. केळ्याच्या वेफर्सचे कारखाने आपल्या भागात पुष्कळ, त्यांची कच्च्या केळ्याची साल टॅनिनने भरलेली असते, पिकल्यावर ते उतरतं. कच्ची असेल तर उकळून पाणी फेका, पाच टक्क्यांवर जाऊ नका. मोसंबी-संत्र्याची साल माझ्या लेखी नको, तेलाच्या वासाने रोहू खाद्याकडे पाठ फिरवतो. अननसाचे शेंडे म्हणजे निव्वळ तंतू. कलिंगडाची साल म्हणजे पाणी. पपईची साल चालते, बिया वेगळ्या काढा. तिलापियाची वारेमाप वीण रोखायला पपईच्या बिया देऊन बघितल्या गेल्या आहेत आणि त्या जननग्रंथींवर परिणाम करतात, तेव्हा प्रजननाचे मासे सांभाळत असाल तर अजिबात नको. टोमॅटोची प्युरी किंवा केचप करणारा कुणी ओळखीत असेल तर मात्र आंब्याची साल सोडून आधी त्याच्याकडे जा. बिया आणि सालीचा तो चोथा वाळवला की प्रथिनं वीस टक्क्यांच्या घरात असतात. वरच्याच हिशोबाने त्याचे किलोला वीस-एकवीस रुपये होतात. तंतू जास्त, म्हणून पचन धरून निम्मे केले तरी दहा. आंब्याच्या सालीच्या दुपटीहून जास्त.

कुणीतरी रूपचंद टाका असंही सुचवेल, कारण तो मूळचा अ‍ॅमेझॉनचा, पुरात बुडालेल्या जंगलात झाडावरून पडलेली फळं खाणारा. फळ पचवायला तो रोहूपेक्षा सरस, यात शंका नाही. पण परदेशी मासा, तुमच्या तळ्याचा सांडवा कुठे जातो बघा, आणि मत्स्य विभागाला विचारल्याशिवाय बीज आणू नका. घरात मत्स्यालय असलेले लोक रंग चढावा म्हणून आंब्याची साल देतात, त्याचाही फारसा उपयोग नाही. गोल्डफिश पिवळ्या रंगद्रव्यांतलं झिअ‍ॅझँथिन लालसर रंगात बदलू शकतो, आंब्यात मुख्यतः बीटा-कॅरोटीन असतं आणि त्याचा रंग त्याला फारसा करता येत नाही.

राहिली पुतण्याची बायोफ्लॉक टाकी. तिथे सगळं उलट आहे. तिथे साखर हवीच असते, कारण माशांनी पाण्यात सोडलेलं अमोनिया खाऊन टाकणाऱ्या जीवाणूंना कर्बाचं अन्न लागतं, आणि तळ्यात जो दोष तोच इथे गुण. प्रमाण असं काढायचं. २८ टक्के प्रथिनांचं एक किलो खाद्य टाकलं की त्यात ४५ ग्रॅम नत्र जातं. त्यातलं तीस-एक ग्रॅम पाण्यात बाहेर पडतं. एक ग्रॅम नत्र बांधायला वीस ग्रॅम साखर किंवा पिष्ट, म्हणजे किलोभर खाद्यामागे सहाशे ग्रॅमच्या आसपास साखर. गर काढायच्या यंत्राच्या पहिल्या धोवणात पाच टक्के साखर निघाली तर ते बारा लिटर झालं. धोवण रोज वेगळं असतं, म्हणून डोळ्यांनी नाही, साखर मोजणाऱ्या ब्रिक्स मीटरने मोजा. हातात धरायचा साधा मीटर फार महाग येत नाही. आंब्याचे तंतू गाळून घ्या, नाहीतर ते हवेच्या दगडांवर बसतात. रसाचं पाणी आंबट असतं, तेव्हा टाकीचा पीएच आणि क्षारता आठवड्यातून दोनदा बघा, उतरली तर खाण्याचा सोडा किंवा चुना द्या. धोवण सकाळचं सकाळी वापरा, मेच्या उन्हात दुपारपर्यंत त्याची दारू होते. आणि दुसरं-तिसरं धोवण घेऊ नका, कारण तोवर यंत्रावर क्लोरीन किंवा साबण फिरलेला असतो, आणि क्लोरीन जीवाणूंचा फ्लॉकच मारतं. मावसभावाला सांगून पहिल्या धोवणाला वेगळा पिंप लावून घ्या. साखर टाकल्यावर चार-पाच तास टाकीतला प्राणवायू झपाट्याने खाली जातो, त्या वेळेत वीज गेली आणि इन्व्हर्टर नसेल तर अर्ध्या तासात टाकी हातची जाते. पुतण्याकडे बॅकअप नसेल तर त्याला गुळावरही राहू देऊ नका, आधी बॅटरी घ्यायला लावा.